संशयाची फाईल आणि काकांचा राग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. वय छत्तीस. गेली काही वर्षं राजकीय हत्यांवर मिळेल ते वाचतोय. शास्त्रीजींचा ताश्कंदमधला मृत्यू, केनेडी, गांधीजी, राजीव गांधी अशी सगळ्यांची मिळून एक जाड फाईल झाली आहे. गावच्या व्याख्यानमालेत यंदा 'राजकीय हत्या : सत्य आणि रहस्य' हा विषय मला दिलाय. पण सुरुवातीला जे मला अगदी खात्रीचं वाटायचं, ते वाचता वाचता डळमळीत झालं आहे. माझे वडील लवकर गेले, काकांनी वाढवलं. काका ऊसतोड टोळीचे मुकादम होते. गोपीनाथ मुंडे साहेबांचा घातपातच झाला, यावर ते ठाम आहेत आणि मी ते स्टेजवरून बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. मी 'पुरावा नाही' म्हणालो, तर त्यांनी पुढ्यातलं ताट सारलं. म्हणाले, 'शिकून तू त्यांच्याच बाजूचा झालास.' इकडे माझा वकील मित्र म्हणतो, तुझी फाईल म्हणजे तुझ्या सोयीची कात्रणं. मला तटस्थ राहायचंय. पण तटस्थ म्हणजे दोन्ही बाजूंना निम्मं निम्मं देणं का? आणि त्यात घरचं माणूस दुखावणार असेल तर काय करायचं? सोबत फाईलमधल्या काही पानांची झेरॉक्स जोडतो."

सर, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत अडकली आहेत. एक तुमचं फाईलशी, दुसरं काकांशी. मी फाईलपासून सुरुवात करते. ती नीट लागल्याशिवाय काकांपुढे बसून बोलायला तुमच्याकडे काही असणार नाही.

आधी ते निम्मं निम्मं. तटस्थपणा म्हणजे दोघांना सारखे गुण वाटणं, असं तुम्ही गृहीत धरलंय. मोंढ्यात आडत्यानं पाव्हण्याचा कापूस एका काट्यावर आणि परक्याचा दुसऱ्या काट्यावर घातला, तर त्याला आपण लबाड म्हणतो. काटा एकच असला, मग एकाचा माल दहा क्विंटल भरला आणि दुसऱ्याचा दोन, तर त्यात पक्षपात कुठे आला? तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे की सरकारी म्हणणं आणि कटाचं म्हणणं एकाच काट्यावर घाला. उत्तर कोणत्या बाजूला झुकतं, ते आधी ठरवू नका आणि झुकल्यावर लाजूही नका.

आता झेरॉक्स बघते. शास्त्रीजींच्या पानावर लाल शाईत लिहिलंय : 'डॉ. चुघ, १९७७, ट्रकचा अपघात!!!' तीन उद्गारचिन्हं. माझं बोट तिथेच अडकलं. शास्त्रीजी गेले ११ जानेवारी १९६६ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ताश्कंद करारावर सही झाल्यावर काही तासांत. त्यांच्यासोबत असलेले डॉक्टर अकरा वर्षांनी रस्त्यावर अपघातात गेले. ही घटना दुःखद आहे, पण पुरावा म्हणून तिचं वजन किती? त्यासाठी विचारायला हवं की ताश्कंदला गेलेल्या शिष्टमंडळात किती माणसं होती, त्यातली किती जण म्हातारपणी घरीच, अंथरुणावर गेली, आणि त्यांची नावं तुमच्या फाईलमध्ये का नाहीत. जे मेले त्यांची यादी केली आणि जे जगले त्यांची केलीच नाही, तर कोणत्याही मोठ्या घटनेभोवती गूढ मृत्यूंची रांग लागते.

हीच चूक जगातल्या एका नामांकित वर्तमानपत्रानं केली होती. लंडनच्या 'संडे टाइम्स'नं १९६७ मध्ये छापलं की केनेडी प्रकरणातले इतके साक्षीदार तीन वर्षांत मरण्याची शक्यता एकावर सतरा शून्यं लावून जो आकडा होतो, तितक्यांत एक. हा आकडा पुढे कित्येक पुस्तकांत फिरला. नंतर अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीनं त्या वर्तमानपत्राला विचारलं, तेव्हा त्यांनी ही निष्काळजीपणानं झालेली चूक असल्याचं कळवलं. आकडा काढून देणाऱ्या विमागणिततज्ज्ञाला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. ठरावीक पंधरा माणसंच मरण्याची शक्यता काय, असं त्याला विचारलं होतं. खरा प्रश्न असा होता की केनेडी हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या सूचीत नावं असलेल्या हजारोंपैकी कोणतीही पंधरा माणसं मरण्याची शक्यता काय. दोन्ही प्रश्नांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आकडा मागे घेतल्याची गोष्ट मात्र आकड्याइतकी फिरली नाही.

म्हणून पहिलं काम. फाईलमधल्या प्रत्येक नोंदीखाली लिहा : माझा संशय खोटा असता, तरी ही गोष्ट अशीच दिसली असती का? उत्तर 'हो' आलं, तर ती नोंद खरी असूनही तुमच्या बाजूनं तिचं वजन शून्य. शास्त्रीजींचा देह निळसर दिसत होता, हे कुटुंबीयांनी सांगितलंय आणि त्यांनी खोटं सांगण्याचं काही कारण नाही. विष दिलं असतं तर देह तसा दिसू शकतो. हृदयविकारानं गेलेल्या, त्यावर रसायनं देऊन टिकवलेल्या आणि विमानानं आणलेल्या देहाचाही रंग बदलू शकतो. शास्त्रीजींना त्याआधी दोनदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, ही नोंद मला तुमच्या पानांवर दिसली नाही. ती घालाच. लाल शाईत नको, साध्याच शाईत घाला.

शास्त्रीजींचं शवविच्छेदन झालं नाही. ताश्कंदला नाही, दिल्लीलाही नाही. देशाचा पंतप्रधान परक्या भूमीवर अचानक जातो आणि देह उघडून कारण बघितलं जात नाही, याचा राग मलाही येतो. तुम्ही त्या पानावर लिहिलंय, 'म्हणूनच लपवलं.' थांबा. शवविच्छेदन न झाल्यामुळे हृदयविकार सिद्ध करण्याचा सरकारचा मार्ग बंद झाला, तसा विष सिद्ध करण्याचा तुमचाही बंद झाला. नसलेला कागद दोघांच्याही बाजूनं बोलत नाही. या प्रकरणात आज प्रामाणिक उत्तर असं आहे : हृदयविकाराला आधार आहे, विषाला थेट पुरावा नाही, आणि निर्णायक तपासणी करायची वेळ निघून गेली. 'कळायला मार्ग नाही' हेही संशोधनाचं फळच आहे, सर. विद्यार्थ्यांना आपण हे उत्तर कधी शिकवत नाही, म्हणून ते आपल्याला हरल्यासारखं वाटतं.

आता थोडं सावकाश बोलायला हवं असं एक. तुमच्या सगळ्या पानांवर तीन वेगवेगळे आरोप एकाच दोऱ्यात ओवले आहेत : कुणीतरी हलगर्जीपणा केला, कुणीतरी नंतर लपवलं आणि कुणीतरी मारलं. तिन्ही आरोप वेगळे आहेत, तिन्हींना वेगळा पुरावा लागतो. पहिला सिद्ध झाला की तिसरा आपोआप सिद्ध होतो, असं आपलं मन धरून चालतं.

गांधीजींच्या हत्येचंच बघा. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसवर स्फोट झाला आणि मदनलाल पाहवा जागेवरच पकडला गेला. त्याच्या बोलण्यातून पोलीस मरीना हॉटेलपर्यंत पोहोचले. तिथे देशपांडे या खोट्या नावानं उतरलेली माणसं निघून गेली होती, पण धुवायला टाकलेले कपडे मागे राहिले होते. कपड्यांवर धोब्याची खूण होती, इंग्रजीतली तीन अक्षरं : एन. व्ही. जी. पुण्याच्या एका वृत्तपत्राचा संपादक यात असल्याचंही पोलिसांच्या कानावर आलं होतं. पुण्याच्या पोलिसांना विचारलं असतं, तर नथुराम विनायक गोडसे हे नाव जुळायला वेळ लागला नसता. हातात दहा दिवस होते. ३० जानेवारीला गोळ्या झाडल्या गेल्या.

हे पहिल्यांदा वाचलं की कुणाच्याही मनात येतं, इतकी ढिलाई मुद्दामच केली असणार. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगानं १९६९ मध्ये दिलेल्या अहवालात या तपासावर कडक ताशेरे आहेत. पण 'मुद्दाम' म्हणायचं असेल तर आणखी काहीतरी लागतं : तपास थांबवल्याचा आदेश, निरोप, पैसा, किंवा एरवी तेच अधिकारी असं कधीच वागत नसत याचा दाखला. ज्यांनी पोलीस स्टेशनची पायरी चढली आहे, त्यांना ठाऊक आहे की एका जिल्ह्याचा कागद दुसऱ्या जिल्ह्यात वेळेवर न पोहोचायला कटाची गरज लागत नाही. हलगर्जीपणाचा दोष मोठा आहे आणि तो ठासून सांगायला हवा. तो खुनाचा पुरावा म्हणून वापरला की उलट हलगर्जी करणारे सुटतात. चर्चा कटावर जाते आणि त्या दहा दिवसांचा जाब कुणीच मागत नाही.

लपवाछपवीचं म्हणाल, तर आपल्या भागाइतका तिचा अनुभव कुणाला आहे? १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर हैदराबाद संस्थानात काय झालं, हे बघायला पंडित सुंदरलाल समिती फिरली. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वांत जास्त माणसं मारली गेल्याचं तिनं नोंदवलं. एकूण मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. त्याआधी रझाकारांनी काय केलं, ते आपण शाळेपासून ऐकत आलो. हा अहवाल मात्र कित्येक दशकं सर्वसामान्यांना बघायला मिळाला नाही, २०१३ च्या सुमारास तो वाचायला खुला झाला. म्हणजे सरकारं कागद दडवतात, ही तुमच्या काकांची समजूत हवेतली नाही. पण एक लक्षात घ्या. कागद दडवलाय एवढ्यावरून आत काय लिहिलंय ते कळत नाही. तो उघडल्यावर आणि वाचल्यावरच कळतं. बंद कपाटाकडे बोट दाखवून आतल्या मजकुराचं व्याख्यान देता येत नाही.

तुमच्या वकील मित्राला हे पटेल. पण त्यालाही माझा एक प्रश्न आहे, कारण सरकारी म्हणणं म्हणजे सत्य, असा सूर तुम्ही कळवलेल्या त्याच्या बोलण्यात मला ऐकू येतो. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात विशेष न्यायालयानं १९९८ च्या जानेवारीत २६ च्या २६ आरोपींना फाशी सुनावली. पुढच्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या १९ जणांची सुटका केली, चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. कट खरा होता. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला स्फोटात मेलेल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा शाबूत सापडला आणि त्यातल्या फोटोंत हार घेऊन उभी असलेली आत्मघाती हल्लेखोर धनू होती. याहून ठोस पुरावा क्वचित मिळतो. तरीही त्याच खऱ्या कटाच्या नावाखाली तपासानं जाळं फार लांब टाकलं.

आणि ज्यांची फाशी कायम राहिली, त्यांच्यातला पेरारिवलन घ्या. अटकेच्या वेळी तो १९ वर्षांचा होता. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्यानं आणून दिल्या, हा त्याच्यावरचा मुख्य आरोप, आणि आधार होता पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबाचा. एरवी असा जबाब आपल्याकडे ग्राह्य धरत नाहीत, टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात तो चालायचा. कबुली लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, जाहीरपणे सांगितलं की 'बॅटऱ्या कशासाठी हव्या होत्या ते मला माहीत नव्हतं', हे त्याचं वाक्य आपण लिहून घेतलं नव्हतं. एक वाक्य, आणि त्यावर माणसाचा गळा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची सुटका केली ती निर्दोष ठरवून नव्हे, राज्यपालांकडे प्रकरण रखडल्याच्या मुद्द्यावर. हे वाचून 'मग सगळंच बनावट' असं म्हणायचं का? तसं म्हटलं तर कॅमेऱ्यातल्या फोटोंचं काय करणार? वस्तूचा पुरावा आणि दबावाखाली दिलेला जबाब यांना सारखं वजन कधीच देऊ नका, मग ते सरकारच्या बाजूचे असोत की विरोधातले. न्यायालयीन बातमीदारीच्या दिवसांत मी शेकडो पंचनामे वाचले. ज्या पंचाला घटनेच्या दुसऱ्या दिवशी फक्त रक्ताचे डाग आठवत होते, त्याला चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात गाडीचा नंबरही आठवायचा. तो खोटं बोलत असेलच असं नाही. मधल्या काळात त्यानं इतरांकडून इतकं ऐकलेलं असतं की पाहिलेलं कुठलं आणि ऐकलेलं कुठलं, हे त्याचं त्यालाच उमगत नाही. तुमच्या फाईलमध्ये घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी दिलेल्या मुलाखती फार आहेत. त्यांच्या शेजारी त्याच माणसाचा पहिला जबाब शोधून ठेवा. सापडला नाही, तर तसं लिहा.

एकाच काट्याची खरी कसोटी आपल्या माणसांत, मराठी श्रोत्यांपुढे, सावरकरांच्या नावावर लागते. गांधीहत्येच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांनी त्यांना निर्दोष सोडलं, कारण माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबाबाला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही. पुढे कपूर आयोगापुढे आणखी कागद आले आणि आयोगानं वेगळ्या दिशेचा निष्कर्ष नोंदवला. पण तोवर सावरकर हयात नव्हते. आयोगापुढे बाजू मांडणं, साक्षीदाराची उलटतपासणी घेणं, यातलं काही त्यांच्या बाजूनं होऊ शकलं नाही. शिवाय चौकशी आयोगाचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. सभागृहात अर्धे लोक तुम्हाला फक्त निकाल सांगायला लावतील, अर्धे फक्त आयोग. तुम्ही दोन्ही सांगा आणि दोन्हींच्या मर्यादाही सांगा. कुणाच्या भीतीनं एकही वगळू नका.

डॉ. दाभोलकरांचा खटला तर आपल्या डोळ्यांसमोरचा. २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. जन्मठेप झालेल्यांपैकी एक जण आपल्या छत्रपती संभाजीनगरचा. सूत्रधारांपर्यंत तपास पोहोचू शकला नाही, हे खुद्द न्यायालयानं निकालात नोंदवलं आहे. तिथे 'मागे कोण होतं' असं विचारणारा माणूस अफवा पसरवत नाही, तो निकालपत्रातलाच प्रश्न विचारतो. मात्र त्या रिकाम्या जागी आपल्या मनातलं नाव भरलं की तो संशोधक राहत नाही.

तुम्ही स्वतःला हौशी म्हणवून घेता आणि त्याची तुम्हाला लाज वाटते, असं पत्रात जाणवलं. म्हणून मला फार आवडणारी एक हकिगत सांगते. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीनं सांगून टाकलं की केनेडींवर बहुधा दुसऱ्याही कुणी गोळी झाडली होती, शक्यता ९५ टक्के. आधार होता डॅलस पोलिसांच्या बिनतारी संदेशांच्या ध्वनिमुद्रणाचा, त्यात गोळ्यांसारखे आवाज होते. म्हणजे इथे कटाची बाजू सरकारी कागदावर आली होती. ओहायो राज्यातल्या एका तरुणाला, जो बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्या ध्वनिमुद्रणाची प्लॅस्टिकची पातळ तबकडी एका मासिकासोबत मिळाली. तो ती पुन्हा पुन्हा ऐकत बसला. जिथे गोळ्यांचे आवाज असल्याचं सांगत होते, तिथेच त्याला मागे पुसट माणसाचा आवाज ऐकू आला. तो शेरीफचा आवाज होता, आणि शेरीफ ते शब्द गोळीबार होऊन गेल्यावर बोलला होता. म्हणजे 'गोळ्यांचे आवाज' गोळीबारानंतरचे निघाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं हे तपासलं आणि १९८२ मध्ये सांगितलं की ते आवाज हत्येनंतर सुमारे एका मिनिटानं मुद्रित झाले आहेत. पुढेही त्यावर वाद झाले, पण ९५ टक्क्यांचा तो पाया पुन्हा तसा उभा राहिला नाही. त्या ड्रमवाल्याकडे पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. त्यानं मूळ वस्तू ऐकली आणि जे ऐकू आलं ते सांगितलं. तुमच्या फाईलमध्ये मूळ वस्तू किती आहेत? मी मोजू पाहिलं, तर झेरॉक्समध्ये बहुतेक पानं कुणीतरी कुणाचं तरी वाचून लिहिलेली आहेत. कपूर अहवाल वाचायला मिळतो, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर पूर्ण आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या बघता येतं. कॅल्क्युलेटरवर हिशोब करावा तशी कात्रणं मोजण्यापेक्षा एक निकालपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. त्यात दोन्ही बाजूंचे वकील आपापलं म्हणणं मांडतात आणि न्यायाधीश कोणतं का फेटाळलं ते लिहितो. इतकी तयार शिकवणी दुसरीकडे नाही.

आता काका.

मुंडे साहेबांच्या बाबतीत तीच कसोटी लावून बघू, आदर राखून. २६ मे २०१४ ला त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. ३ जूनला सकाळी सव्वासहाच्या सुमारास दिल्लीत विमानतळाकडे जाताना त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. साहेब मागच्या सीटवर होते. धडक देणाऱ्या गाडीचा चालक सापडला, त्याला अटक झाली. शवविच्छेदन झालं, मानेच्या मणक्याला आणि यकृताला मार लागल्याचं दिसलं. लोकांनी सीबीआय चौकशी मागितली, ती झाली, आणि निष्कर्ष अपघाताचाच निघाला. म्हणजे शास्त्रीजींच्या बाबतीत ज्या कागदाअभावी आपण अडून बसलो, तो इथे हजर आहे.

मग जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या पत्रकार परिषदेत तोंड झाकलेला एक माणूस पडद्यावरून बोलला की साहेबांना मतदान यंत्रांमधल्या गडबडीची माहिती होती, म्हणून मारलं. माझा अंदाज आहे की काकांच्या मोबाईलवर तोच व्हिडिओ फिरून फिरून येत असेल. त्याच्या बोलण्यातलं जे तपासता येतं ते तपासू. तो म्हणाला, यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत मी होतो. कंपनीनं सांगितलं की या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता. तो म्हणाला, साहेबांच्या मृत्यूचा गुन्हा नोंदवायला निघालेल्या एनआयएच्या, म्हणजे राष्ट्रीय तपास संस्थेच्या, अधिकाऱ्याचाही खून झाला. त्या अधिकाऱ्याचा खून खरंच झाला होता, २०१६ मध्ये बिजनौर जिल्ह्यात. पण २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयात दोघांना शिक्षा झाली आणि पुढे आलेलं कारण वैयक्तिक वैराचं होतं. तपासता येण्याजोगा भाग तपासल्यावर टिकत नसेल, तर न तपासता येणाऱ्या भागावर विश्वास का ठेवायचा? आणि हा माणूस पुढे पुरावा घेऊन आला नाही.

हे सगळं काकांना तुम्ही असंच वाचून दाखवलंत, तर ते पुन्हा ताट सारतील. तुम्ही धरून चाललाय की काका पुराव्यावरून भांडतायत. मला तसं वाटत नाही. ज्यांनी कोयता घेऊन फडात आयुष्य काढलं, त्यांचं नाव दिल्लीत घेणारा माणूस केंद्रात मंत्री झाला आणि आठवड्याभरात गेला. एका चौकातल्या धडकेनं असं होऊ शकतं, हे मानायला मन तयार होत नाही. इतक्या मोठ्या नुकसानीला तितकंच मोठं कारण हवंसं वाटतं. केनेडींच्या देशातही नेमकं हेच झालं. तर काकांशी जेवताना, चार माणसांत हा विषय काढू नका. एखाद्या संध्याकाळी शेतावर नाहीतर ओसरीवर एकटे बसा आणि आधी विचारा, 'काका, साहेब तुमच्यासाठी काय होते?' त्यांना बोलू द्या. तुमच्या फाईलला न सापडणारा इतिहास त्यांच्याकडे आहे, टोळ्यांचा, उचलीचा, संपांचा. तो लिहून घ्या. मग कधीतरी, घाई न करता, विचारा : 'काय दिसलं असतं तर तुम्ही अपघात मानला असता?' त्यांनी काही सांगितलं, तर ते दोघं मिळून शोधा. 'काहीच नाही' म्हणाले, तर वाद तिथेच थांबवा. ते मत बदलतील याची हमी मी देणार नाही. कदाचित कधीच बदलणार नाहीत. तरी तुम्ही त्यांचे पुतणे राहालच.

व्याख्यानाचं मला स्पष्ट वाटतं ते सांगते. विषय नाकारू नका. तुम्ही सोडलेल्या जागी दुसरा कुणी उभा राहील, आणि त्याची शंका डळमळीत नसेल. पण पाच हत्या एका तासात कोंबू नका, दोनच घ्या. गांधीजी आणि राजीव गांधी घेतले, तर कागद भरपूर आहेत आणि दोन्हींत कट सिद्ध झालेला आहे, त्यामुळे 'हा कट नाकारणारा माणूस' असा शिक्का बसणार नाही. मुंडे साहेबांचं प्रकरण स्वतःहून भाषणात घेऊ नका, आणि तसं काकांना आधीच सांगा, सभागृहात कळू देऊ नका. आपल्या जिल्ह्यात ते दुःख ताजं आहे आणि त्या दुःखाच्या आडून कुणी जिवंत माणसाचं नाव घ्यायला वेळ लागत नाही. त्या नावामागे घर असतं, लेकरं शाळेत जातात. श्रोत्यांतून प्रश्न आलाच, तर टाळू नका. 'शवविच्छेदन झालं, सीबीआय चौकशी झाली, मला अपघाताविरुद्ध टिकणारा पुरावा सापडला नाही. कुणाकडे कागद असेल तर आणा, मी वाचेन.' एवढं बोला आणि पुढचा प्रश्न घ्या. कागद आला तर खरंच वाचा.

भाषणाआधी फाईल वकील मित्राकडे आठवडाभर द्या. प्रत्येक पानावर त्याला विरोधी बाजू लिहू दे. त्याच्याकडूनही पेरारिवलनच्या निकालावर तुम्ही तसंच लिहून घ्या. बोलताना तीन शब्द ठरवून घ्या आणि ते मिसळू नका : सिद्ध आहे, शक्य आहे, कळायला मार्ग नाही.

शास्त्रीजींच्या कागदांसाठी तुम्ही माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करणार आहात, असं शेवटी लिहिलंय. त्यात 'मृत्यूचं खरं कारण का लपवलं' असा प्रश्न विचाराल तर तो अर्ज परत येईल. या कायद्यात कागद मागता येतो, मत किंवा कारणमीमांसा नाही. अमुक वर्षांच्या, अमुक विषयाच्या फाईलींची यादी मागा, नष्ट केलेल्या फाईलींची नोंद मागा. कलम ८(३) मध्ये २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती द्यावी असं आहे, पण परराष्ट्र संबंधांचा अपवाद त्यालाही लागू होतो, आणि ताश्कंदच्या बाबतीत तोच पुढे करतील. २००९ मध्ये पंतप्रधान कार्यालयानं आपल्याकडे एक गोपनीय कागद असल्याचं मान्य करून तो द्यायला नकार दिला होता. नकार आला तर पहिलं अपील तीस दिवसांच्या आत करा, आणि नकाराचं ते पत्रही फाईलला लावा, 'लपवलं' असं वर न लिहिता, तारीख आणि कलम टाकून.